पत्राची तारीख काय?

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं की वेम्बली-हॅरो भागातला मराठी माणूस पहिला फोन बायकोला करतो, दुसरा वकिलाला, आणि वकिलाची फी ऐकून झाली की तिसरा जेआर काकांना. काका फोनवर हॅलो म्हणत नाहीत. "पत्राची तारीख काय?" इथूनच सुरुवात. तुमची आई बाळंतपणाला यायची होती, तिचं तिकीट काढून झालंय, बायकोला आठवा लागलाय, डिंकाचे लाडू पुण्यात बांधून तयार आहेत, असं सगळं तुम्ही सांगत असता आणि ते पलीकडून म्हणत असतात, "ते कळलं रे. तारीख सांग."

तारीख मिळाली की ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर चढते. त्या घरातलं कालनिर्णय एकदा बघण्यासारखं आहे. संकष्टीच्या चौकोनात कुणाचे चौदा दिवस संपतात, वटपौर्णिमेला कुणाचे तीन महिने. काकूंना दूध कधी जास्त घेतलं ते लिहायला जागा उरत नाही, म्हणून त्या मागच्या राशिभविष्यावर लिहितात.

जेआर म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू. आपल्याकडे सरकारविरुद्ध हायकोर्टात रिट टाकतात, तेच ते. काका वकील नाहीत, कधी नव्हते. सांगलीचे बी.कॉम., मग आयसीडब्ल्यूए, पुढे लंडनच्या एका गोदामात हिशेब बघायची नोकरी, आणि आता निवृत्ती. हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही. पण गणपतीच्या पावतीपुस्तकातही देणगीदार म्हणून 'जे. आर. काका' असंच छापून आलं आणि ती आद्याक्षरं समजून एका नव्या सूनबाईंनी त्यांना जयराम काका म्हणायला सुरुवात केली. काकांनी तिला दुरुस्त केलं नाही. मुदतीत हरकत घेतली नाही, आता उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे "मी सल्ला देत नाही." हे ते दर पाच मिनिटांनी म्हणतात, कारण पात्र वकील किंवा नोंदणीकृत सल्लागार नसताना इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा उद्योग करणं, मग तो फुकट का असेना, १९९९च्या कायद्याने ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. मित्राशी गप्पा मारणं म्हणजे उद्योग नव्हे हे त्यांना ठाऊक आहे, पण जोखीम कशाला? म्हणून ते सल्ला देत नाहीत, प्रश्न विचारतात. "कारण लेखी दिलंय का?" "बँकेचे कागद त्यांनी बघितलेत असं पत्रात कुठे दिसतं का?" "मुदत मोजलीस का?" असे दहा प्रश्न विचारून झाले की समोरच्या माणसाला आपोआप कळतं की नोंदणीकृत वकिलाकडे जाऊन नेमकं काय बोलायचं. काका मात्र निर्दोष.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला काकांना फार आवडतं. तुम्हाला ऐकायला आवडेल की नाही हा वेगळा प्रश्न. तो कोर्टापुढे नाही.

२००२ साली ब्रिटनने एचएसएमपी नावाची योजना काढली. शिक्षण, अनुभव, कमाई यांचे गुण मोजायचे, गुण भरले की हातात नोकरी नसतानाही या, काम शोधा, काही वर्षांनी कायमचे राहा. अट अशी की ब्रिटन हेच आपलं घर करायचा तुमचा इरादा हवा. काका पंचेचाळिशीच्या आसपास होते. सांगलीतला विश्रामबागेचा प्लॉट विकला आणि आले. योजनेच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की पुढे योजना बदलली तरी आत आलेल्यांना राहू दिलं जाईल. ते पान काकांनी तेव्हाच झेरॉक्स करून ठेवलं होतं. हिशेबनीस माणूस, पुढे काय लागेल ते सांगता येत नाही.

नोव्हेंबर २००६मध्ये योजना बदलली. अनुभवाचे गुण गेले, बत्तिशी ओलांडलेल्याला वयाचे शून्य, आणि आधीच येऊन राहिलेल्यांनीही मुदतवाढीसाठी नव्या कोष्टकात बसून दाखवायचं. काका या भागावर आले की उभे राहतात. "म्हणजे जो अनुभव बघून बोलावलं, तोच अनुभव आता धरायचा नाही! आणि वय म्हणशील तर ते कमी करायला अर्जात रकानाच नाही!"

मग एचएसएमपी फोरम नावाची संघटना कोर्टात गेली. ८ एप्रिल २००८ला सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला की आधी आलेल्यांना मूळ योजनेच्या अटीच लागू राहतील. सरकारला असा मध्येच डाव मोडता येणार नाही. पाडवा नुकताच होऊन गेला होता. काकूंनी पुन्हा श्रीखंड केलं, पुन्हा गुढी उभारायचा काकांचा हट्ट मात्र मोडून काढला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेचा, बापिओचा, निकाल लागला. एचएसएमपीवर आलेल्या डॉक्टरांना शेवटी उभं करा, इथले किंवा युरोपातले कुणी मिळाले नाहीत तरच घ्या, असा सल्ला आरोग्य खात्याने रुग्णालयांना दिला होता. हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो चार विरुद्ध एक असा बेकायदा ठरवला. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतून गेलेले कितीतरी डॉक्टर त्या सल्ल्याखाली भरडले जात होते. दुसऱ्या वर्षी फोरम आणखी एक केस जिंकला: कायमच्या वास्तव्यासाठी चार वर्षांची पाच केली होती, तीही जुन्या लोकांना लागू नाही. तेव्हापासून काका एप्रिल महिना चैत्रापेक्षाही पवित्र मानतात. तो एकजण विरोधात गेलेला न्यायमूर्ती कोण, हेही त्यांना पाठ आहे. लॉर्ड स्कॉट. त्यांच्याबद्दल काका आदराने बोलतात, पण जरा लांबूनच.

असं वाटेल की हा माणूस जिंकायचा भुकेला आहे. तसं नाही. त्यांची सगळ्यात लाडकी केस हरलेली आहे.

वेन्सबरी हे इंग्लंडातलं एक छोटं गाव. तिथल्या नगरपालिकेने सिनेमाच्या थिएटरला रविवारी खेळ लावायला परवानगी दिली, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना आत सोडायचं नाही, आईबापाबरोबर आली तरी नाही. थिएटरवाले कोर्टात गेले. १९४७मध्ये लॉर्ड ग्रीन यांनी सांगितलं की एखादा निर्णय इतका अवाजवी असेल की कुठलाही समंजस अधिकारी तो घेणारच नाही, तरच कोर्ट हात घालील. हा तसा नाही, घरी जा. थिएटर हरलं आणि त्या निकालातलं तत्त्व पाऊणशे वर्षं जगभर फिरत राहिलं, आपल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतही. शिक्षिकेचे केस लाल आहेत म्हणून तिला काढून टाकणं, हे त्या निकालातलं अवाजवीपणाचं उदाहरण. काकांनी ते उदाहरण इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी केसांना मेंदी लावली तेव्हा काकांनी त्यांना आपणहून सांगितलं, "घाबरू नका, तुम्हाला कायद्याचं संरक्षण आहे." त्या बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

सिनेमाला त्यांच्याबरोबर जाऊ नये ते याच कारणाने. पडद्यावर वयोगटाचं प्रमाणपत्र दिसलं की अंधारात शेजारून कुजबुज येते, "वेन्सबरी."

आठवड्यातून एकदा ते कोर्टात जातात. केस कुणाचीही असो. तिथली सुनावणी बहुतेक वेळा सगळ्यांना खुली असते, आणि लंडनमध्ये ज्येष्ठांना बसप्रवास फुकट. एवढ्या भांडवलावर माणसाचं आख्खं म्हातारपण मजेत जाऊ शकतं. व्हिसाच्या बहुतेक जेआर आता अप्पर ट्रायब्युनलपुढे चालतात, ब्रीम्स बिल्डिंग्जमधल्या फील्ड हाऊसमध्ये. मोठ्या कज्ज्यांना स्ट्रँडवरचं रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस. काकांच्या पिशवीत वही, दोन पेनं, घडीची टोपी आणि काकूंनी दिलेलं थालीपीठ. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं त्यांची आई म्हणायची. "इथे लिफ्ट आहे," काका सांगतात.

वकील बोलायला उठला की काका वहीत गुण द्यायला लागतात. सरकारी वकिलालाही देतात. "चांगला बोलला हो. बाजू लंगडी होती, पण चांगला बोलला." न्यायमूर्तींनी अवघड प्रश्न टाकला की काका मान डोलावतात, गाणं ऐकताना समेला डोलवावी तशी. एकदा तर त्यांच्या तोंडून "वा" निघून गेलं. कारकुनाने वळून बघितलं. काकांनी खोकून घेतलं.

आता काकांचं तत्त्वज्ञान. ते नवीन माणसाला बसवून ऐकवतात आणि ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. कोर्ट तुम्हाला व्हिसा देत नाही. निर्णय चांगला की वाईट हे बघत नाही. निर्णय नियमाने घेतला का, कागद बघितले का, म्हणणं ऐकलं का, कारण दिलं का, एवढंच बघतं. चुकलं असेल तर निर्णय रद्द करून त्याच खात्याकडे परत पाठवतं. आणि खातं पुन्हा विचार करून, या वेळी नीट कारणं लिहून, पुन्हा नाहीच म्हणू शकतं.

"मग काका, फायदा काय?" असं मी विचारलं होतं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "फायदा? अरे, त्यांना उत्तर द्यावं लागतं! तू-मी कोण? साधी माणसं. आपण पत्र टाकतो आणि ब्रिटनच्या गृहमंत्र्याच्या नावावर उत्तर येतं. चौदा दिवसांत यायला हवं, येत नाही, पण येतं. केसच्या नावात एका बाजूला आपला भाऊ, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी ऑफ स्टेट! सांगलीत साध्या फेरफारासाठी माझ्या बापाने तलाठ्याकडे किती खेटे घातले ठाऊक आहे? नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. तो काही म्हणतच नव्हता."

२०१२च्या नियमाबद्दल मात्र ते झटकन बोलून मोकळे होतात. त्या जुलैपासून म्हाताऱ्या आईबापांना कायमचं जवळ आणायचं तर त्यांना रोजच्या देखभालीची गरज हवी, आणि ती देखभाल मायदेशी, मुलाने पैसे पाठवूनही, मिळत नाही असं दाखवावं लागतं. काकांची आई सांगलीला होती. पैसे पाठवले की सांगलीत बाई मिळते. हा नियमच बेकायदा आहे म्हणून ब्रिटसिट्स या संघटनेने कोर्टात आव्हान दिलं. मे २०१७मध्ये कोर्ट ऑफ अपीलने नियम उचलून धरला. काकांनी तो निकाल पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्यापर्यंत वाचला. "हरलो. पण लिहिलाय नीट. सगळे मुद्दे घेतलेत," म्हणाले, आणि सांगलीच्या बाईचा पगार वाढवून दिला. आईला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असे. त्यात ती एकच विचारायची, तुझ्या त्या कोर्टाचं काय झालं. हे म्हणायचे, चाललंय.

२०२३च्या भाऊबीजेला त्यांची रेडिंगची बहीण ओवाळायला आली होती. त्याच दिवशी, १५ नोव्हेंबरला, सुप्रीम कोर्टाचा रवांडाचा निकाल होता. ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आलेल्यांना परस्पर रवांडाला धाडायची सरकारची योजना होती. लॉर्ड रीड निकालाचा सारांश वाचत होते, तो लॅपटॉपवर थेट दिसत होता, आणि इकडे आत्याबाई निरांजन घेऊन उभ्या. "दादा, तेल संपतंय." "थांब गं, लॉर्ड रीड बोलतायत." पाचही न्यायमूर्तींनी एकमताने योजना बेकायदा ठरवली: तिथून माणसं पुन्हा मूळ संकटातच ढकलली जाण्याचा खरा धोका आहे. तेव्हा कुठे काकांनी कपाळ पुढे केलं. खुशीत ओवाळणी दुप्पट घातली. पुढच्या एप्रिलमध्ये पार्लमेंटने कायदाच करून टाकला की रवांडा सुरक्षित आहे. कोर्ट म्हणालं नाही, पार्लमेंट म्हणालं आहे, आणि ब्रिटनमध्ये पार्लमेंटचा कायदा कोर्टाला रद्द करता येत नाही. काकांचा एप्रिल बाटला. त्या रात्री त्यांनी सांगलीला वकील असलेल्या पुतण्याला झोपेतून उठवलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे बरं आहे रे. तुमच्याकडे केशवानंद भारती आहे. संसदेलाही घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही." पुतण्याला वाटलं कुणीतरी गेलं.

आता मंडळाची गोष्ट. गेल्या गणपतीला समितीने ठरवलं की उकडीचा मोदक माणशी एकच मिळेल. निर्णय रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आला. सकाळी सात वाजता अध्यक्षांच्या ईमेलमध्ये काकांचं पत्र. विषय: दाव्यापूर्वीची नोटीस. मुदत: चौदा दिवस. मुद्दे असे की सभासदांशी विचारविनिमय झालेला नाही, आणि गेली कित्येक वर्षं माणशी दोन मिळत आल्याने सभासदांच्या मनात रास्त अपेक्षा निर्माण झालेली आहे. विचारविनिमय कसा करावा याचे चार नियम खाली दिलेले होते. ते नियम १९८५ सालच्या गनिंग केसमधले, आणि ती केस आमच्याच ब्रेंट भागातल्या शाळा बंद करण्यावरून झालेली, याचा काकांना स्थानिक अभिमान आहे. निर्णय पक्का व्हायच्या आधी विचारा, कारणं सांगा, पुरेसा वेळ द्या, आणि मिळालेली उत्तरं मनापासून विचारात घ्या. कोर्टात ते मांडणारे वकील स्टीफन सेडली. पुढे न्यायमूर्ती झाल्यावर त्यांनीच २०१०मध्ये पांकिना केसचा निकाल लिहिला. व्हिसासाठी बँकेत ८०० पौंड सलग तीन महिने हवेत ही अट पार्लमेंटपुढे ठेवलेल्या नियमांत नव्हतीच, नुसती मार्गदर्शक पुस्तिकेत होती, म्हणून ती चालणार नाही, असा. काकांच्या देव्हाऱ्याशेजारी सेडलींचा फोटो नाही, पण तो काकूंनी लावू दिला नाही म्हणून.

अध्यक्ष बिचारे दंतवैद्य. त्यांनी पत्र तीनदा वाचलं, घाबरून सर्वसाधारण सभा बोलावली, सर्वांचं म्हणणं ऐकून घेतलं, तांदळाच्या पिठीचा भाव, वळणाऱ्या हातांची संख्या आणि स्वयंपाकघराची वेळ यांचा लेखी हिशेब मांडला, आणि पुन्हा ठरवलं: माणशी एक. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "आदर्श! अगदी आदर्श निर्णय! असं करायला काय होतं आधीच?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वाट्याचा एक मोदक खाल्ला आणि मागितला नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. मधुमेही माणूस आहे, पण ते कारण नव्हे.

तुमच्याही माहितीत असा एकजण असेल. डोंबिवलीच्या सोसायटीत तो नोटीसबोर्डावरच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढतो. बँकेत तो कॅशियरला परिपत्रकाचा नंबर विचारतो आणि मागच्या रांगेतले लोक छताकडे बघतात. वैताग येतो खरा. पण आपल्या घरी जाडजूड सरकारी पाकीट आलं की आपण त्याचाच नंबर शोधतो, आणि तो आपल्यापेक्षा जास्त आनंदाने पाकीट फोडतो.

काकांच्या घरी मात्र सार्वभौम सत्ता काकूंची. परवा मी गेलो तर फ्रिजवर लोहचुंबकाखाली दोन कागद. पहिला काकांचा. काकूंनी माळ्यावरच्या फायली बागेतल्या शेडमध्ये हलवायचं ठरवलं होतं, त्याला आव्हान. कारणं दिलेली नाहीत, बाधित व्यक्तीचं म्हणणं ऐकलेलं नाही, निर्णय अवाजवी. काकूंनी समझोता केला होता, निर्णय मागे, फेरविचार करते. दुसरा कागद तो फेरविचार. पाच मुद्दे, नंबर घालून. एक, माळ्याचं छत वाकलंय. दोन, सुतार बघून गेला, त्याचा फोटो सोबत. तीन, नातू येणार आहे, त्याचा पाळणा ठेवायचाय. चार, तुमचं म्हणणं रविवारी जेवताना पाऊण तास ऐकलं आणि ते मी विचारात घेतलंय. पाच, शेडचं छप्पर गळत नाही, मी पाणी टाकून बघितलंय. म्हणून, शेड.

काका ओट्याला टेकून तो कागद वाचत होते. एकदा वाचला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं, पुन्हा वाचला.

"यात हात घालायला जागा नाही रे," ते मला म्हणाले. आवाजात दुःख होतं की कौतुक, नीटसं कळेना. मग जरा आशेने आत हाक मारली, "अगं, अपिलाची परवानगी?"

"नामंजूर," काकू पोळी उलटत म्हणाल्या. "खर्चासकट. फायली ठेवून झाल्या की नाक्यावरनं कोथिंबीर घेऊन या. दोन जुड्या."

काकांनी कोट चढवला, पहिली फाईल काखेत मारली आणि दारातून वळून मला हळूच म्हणाले, "मी सल्ला देत नाही. पण खर्चाच्या आदेशावर वेगळं अपील करता येतं बरं का."